दक्षिणेकडे तोंड केलेलं घर: चिनी फेंगशुईची पहिली ओळख

पुण्या-मुंबईत फ्लॅट बघायला गेलेलं कुटुंब दारात उभं राहून मोबाइलमधलं होकायंत्र उघडतं. दार दक्षिणेला निघालं की बोलणं तिथेच संपतं. यमाची दिशा, दक्षिणमुखी घर नको. आता बीजिंगला चला. 1406 ते 1420 या काळात बांधलेला तिथला राजवाडा, जिथून मिंग आणि छिंग घराण्यांनी सुमारे पाचशे वर्षं चीनवर राज्य केलं, तो दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे. सम्राटाचं सिंहासनही दक्षिणाभिमुख. जुन्या चिनी भाषेत ‘दक्षिणेकडे तोंड करून बसणं’ म्हणजे राज्य करणं, असा वाक्प्रचारच आहे.

एकच दिशा आपल्याकडे टाळायची आणि तिथे सिंहासनाची. हे कोडं सुटलं तर जुन्या चिनी फेंगशुईचा, म्हणजे जागा निवडण्याच्या विद्येचा, निम्मा पाया समजला, असं मी म्हणेन. कारण ही विद्या मुळात एका विशिष्ट जमिनीकडे, तिथल्या डोंगरांकडे, नद्यांकडे आणि वाऱ्यांकडे बघून तयार झाली. नियम पाठ करायचे आणि जमीन विसरायची, ही तिच्या अभ्यासातली सगळ्यात मोठी चूक.

आपल्याकडे फेंगशुई म्हटलं की दुकानातल्या वस्तू आठवतात. हसरा बुद्ध, तीन पायांचा बेडूक, किणकिणणाऱ्या नळ्या, काचेच्या भांड्यातला ‘लकी बांबू’. या वस्तू आवडत असतील तर जरूर ठेवाव्यात. पण हसरा बुद्ध म्हणजे दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेला बुदाई नावाचा झोळीवाला चिनी भिक्षू. लोकांनी त्याला पुढे मैत्रेय, म्हणजे भविष्यात येणारा बुद्ध, मानलं. त्याच्या पूजेचा आणि जागा निवडण्याच्या विद्येचा मुळात संबंध नाही. ‘लकी बांबू’ तर बांबूच नाही. ती ड्रेसीना जातीची, मध्य आफ्रिकेत उगवणारी वनस्पती आहे. घराच्या नकाशावर नऊ चौकोन टाकून दारापासून ‘संपत्तीचा कोपरा’ शोधण्याची पद्धतही नवी आहे. लिन युन या चिनी गुरूंनी 1980च्या दशकात अमेरिकेत तिचा प्रसार केला आणि तिच्यात होकायंत्र लागतच नाही. अभिजात फेंगशुई शिकायची असेल तर हे सगळं थोडं बाजूला ठेवून डोंगराकडे जावं लागतं.

वारा आणि पाणी

‘फंग’ म्हणजे वारा, ‘श्वै’ म्हणजे पाणी. चिनी उच्चार ‘फंग-श्वै’च्या जवळचा आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून आपल्याकडे ‘फेंगशुई’ रूढ झालं, म्हणून मीही तेच लिहितो. या विद्येचं आणखी एक जुनं नाव आहे ‘दी-ली’, म्हणजे जमिनीची रचना. आजही चिनी शाळेत भूगोलाला ‘दी-ली’ म्हणतात. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

वारा आणि पाणी हीच दोन नावं का? याचं उत्तर ‘दफनग्रंथा’त सापडतं. हा ग्रंथ ग्वो पू (इ.स. 276–324) या विद्वानाच्या नावावर सांगितला जातो. आज हाती असलेला मजकूर बहुधा त्याच्या नंतरच्या काळातला आहे. त्यातलं मूळ सूत्र असं: ‘ची’ वाऱ्यावर स्वार झाला की विखुरतो आणि पाण्याची वेस लागली की थांबतो. पूर्वजांनी त्याला विखुरू न देता गोळा केलं, वाहतं ठेवून योग्य जागी थांबवलं, म्हणून याला वारा-पाणी म्हणायचं. पुढे लगेच अग्रक्रमही दिला आहे. आधी पाणी मिळवा, मग वारा अडवा.

‘ची’ या शब्दापाशी बरेच जण अडखळतात. मूळ अर्थ श्वास, वाफ, हवा. जमिनीतून, झाडांतून, शरीरातून फिरणारं चैतन्य, असा त्याचा विस्तार झाला. आपल्या ‘प्राण’ शब्दाच्या जवळपास जाणारी कल्पना आहे, पण तोच अर्थ नव्हे. सुरुवातीला एवढं पुरे: जागा जिवंत वाटते की उजाड, हवा कोंडलेली आहे की सळसळती की झोंबरी, हे ज्या गोष्टीमुळे ठरतं तिला त्यांनी ‘ची’ म्हटलं.

ग्रंथाचं नाव दफनग्रंथ आहे, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेल. घर कसं बांधावं हे सांगण्याआधी या ग्रंथाला काळजी होती थडगं कुठे असावं याची. पूर्वजांची हाडं चांगल्या जागी विसावली की त्यांना मिळालेल्या ‘ची’चा लाभ वंशजांपर्यंत पोचतो, ही त्यामागची श्रद्धा. म्हणून फेंगशुईत दोन शाखा मानतात: मृतांचं ‘यिन घर’ आणि जिवंतांचं ‘यांग घर’. ज्या समाजात पूर्वजांचं पूजन हा कुटुंबाचा कणा आहे आणि एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या सणाला आजही लोक थडगी झाडायला जातात, तिथे हे समजण्यासारखं आहे.

डोंगर, जागा, कवच, पाणी, रोख

जागा बघायला निघालेला जुना जाणकार पाच गोष्टी बघायचा. चिनी भाषेत त्यांची नावं लुंग, श्वे, शा, श्वै आणि श्यांग. आपण मराठीत त्यांना डोंगर, जागा, कवच, पाणी आणि रोख (तोंडाची दिशा) म्हणू.

लुंग म्हणजे ड्रॅगन, पण इथे अर्थ डोंगररांग. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे पटकन कळेल, कारण आपणही डोंगराला प्राण्याचं अंग देतो. मुख्य धारेपासून खाली उतरत गेलेल्या फाट्याला आपण सोंड म्हणतो. चिनी जाणकार दूरच्या उंच शिखरापासून धार धरायचा आणि ती कुठे खाली वळते, कुठे खिंडीत बारीक होते, कुठे पुन्हा फुगून वर येते हे बघत सपाटीपर्यंत यायचा. चढ-उतार घेत, वळत आलेली, हिरवी झाडी असलेली धार ‘जिवंत’. सरळसोट, उघडीबोडकी, खडकाळ किंवा मध्येच तुटलेली धार ‘मेलेली’. झाडी म्हणजे माती आणि पाणी धरून ठेवलेली जमीन, आणि बोडका उभा उतार म्हणजे दरडीची भीती. हे निरीक्षण श्रद्धेशिवायही खरं ठरतं.

ही धार जिथे विसावते ती नेमकी जागा म्हणजे श्वे. अ‍ॅक्युपंक्चरचा वैद्य शरीरावर ज्या बिंदूत सुई टोचतो, त्यालाही चिनी भाषेत हाच शब्द आणि हेच अक्षर आहे. जमिनीला नाडी आहे आणि त्या नाडीवर काही बिंदू आहेत, असा हा विचार आहे. चार पावलं इकडेतिकडे झाली तरी बिंदू चुकतो, असं जुने लोक मानत.

शा म्हणजे त्या जागेभोवतीच्या टेकड्यांचं कवच. पाठीशी उंच डोंगर, दोन्ही हातांना उतरत्या टेकड्या, समोर मोकळी जागा आणि पलीकडे एखादी बुटकी टेकडी. हात असलेल्या, उंच पाठीच्या खुर्चीत बसल्यासारखं. पाठीमागचा डोंगर काळं कासव, डावीकडचा निळा-हिरवा ड्रॅगन, उजवीकडचा पांढरा वाघ आणि समोरचा लाल पक्षी. दक्षिणेकडे तोंड करून बसल्यावर डावा हात पूर्वेकडे येतो, म्हणून ड्रॅगन पूर्वेचा आणि वाघ पश्चिमेचा. ही चित्रं फेंगशुईपेक्षा फार जुनी असावीत. हनान प्रांतात पुयांग इथे 1987 साली सहा हजारांहून अधिक वर्षं जुनी एक कबर सापडली. सांगाड्याच्या पूर्वेला शिंपल्यांनी रेखलेला ड्रॅगन होता आणि पश्चिमेला वाघ.

समोरच्या मोकळ्या जागेला ‘मिंग-थांग’ म्हणतात, म्हणजे उजळ सभागृह. ‘ची’ गोळा होण्याची ही जागा, म्हणून ती स्वच्छ आणि मोकळी हवी. कोकणातलं सारवलेलं खळं डोळ्यांपुढे आणा म्हणजे कल्पना येईल.

पाण्याबद्दलचा नियम मला या सगळ्या विद्येतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. नदी घराला कमरपट्ट्यासारखी वळसा घालत असेल तर ते शुभ. त्याला ‘जेडचा (हिरव्या मौल्यवान दगडाचा) कमरपट्टा’ म्हणतात. पण घर वळणाच्या बाहेरच्या बाजूला असेल आणि नदी ताणलेल्या धनुष्यासारखी त्याच्यावर रोखलेली असेल, तर ते ‘उलटं धनुष्य’, म्हणजे टाळायची जागा. नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. वळणाच्या बाहेरच्या काठावर प्रवाह जोरात आदळतो, तो काठ दरवर्षी ढासळतो. आतल्या बाजूला प्रवाह मंद होतो, तिथे गाळ साठतो आणि जमीन वाढते. ड्रॅगन आणि जेड या शब्दांखाली पूर पाहिलेल्या माणसांचा अनुभव आहे.

आनहुई प्रांतातलं हुंगत्सुन हे गाव या नियमाचं जिवंत उदाहरण. वांग कुळातल्या लोकांचं हे गाव पाठीशी डोंगर घेऊन बसलं आहे. पंधराव्या शतकात त्यांनी ओढ्याचं पाणी दगडी पाटांतून गावभर फिरवलं आणि मधोमध अर्धचंद्राकृती तळं बांधलं. पुढे गावाच्या दक्षिणेला मोठं तळंही झालं. पाणी दारादारापुढून जातं. आग विझवायला तेच, धुण्याला तेच आणि उन्हाळ्यात गारवाही त्याचाच. 2000 साली युनेस्कोने शेजारच्या शिदी गावासह हुंगत्सुनला जागतिक वारसा ठरवलं.

दक्षिण चीनमधल्या आणि हाँगकाँगमधल्या जुन्या गावांमागे राखलेली ‘फेंगशुई राने’ही अशीच. गावाच्या पाठीशी असलेल्या उतारावरची झाडं तोडायची नाहीत, हा गावाचा दंडक. आपल्या देवराया चटकन आठवतात. फरक एवढाच की देवराई देवाची असते आणि तिथलं रान गावाच्या पाठीचं रक्षण करण्यासाठी असतं. पण दोन्हीकडे कुऱ्हाड थांबली, आणि आज जिथे आजूबाजूचं जंगल गेलं तिथे जुन्या जातीची झाडं या तुकड्यांतच उरली आहेत.

आता पाचवी गोष्ट, रोख, आणि सुरुवातीचं कोडं. बीजिंग सुमारे 40 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम 27 अंश वर येतो, तोही दक्षिणेला. दार-खिडक्या दक्षिणेला असतील तर ते तिरपं ऊन थेट खोलीच्या आत, भिंतीपर्यंत पोचतं. जूनमध्ये सूर्य सुमारे 73 अंशांवर असतो, तेव्हा पुढे आलेलं छप्पर ऊन अडवतं. हिवाळ्यात सायबेरिया-मंगोलियाकडून कोरडं, हाडं गोठवणारं वारं उत्तरेकडून येतं. म्हणजे पाठ उत्तरेला, तोंड दक्षिणेला. थंडीत जगण्याची ही व्यवस्था शेकडो वर्षांत नियम झाली, आणि पुढे त्या नियमाला शुभत्व चिकटलं.

मुंबई 19 अंशांवर आहे. इथे डिसेंबरमध्येही दुपारचा सूर्य 48 अंशांवर असतो आणि जूनमध्ये तर तो डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकतो. उत्तरेचं गोठवणारं वारं नाही. आपल्या घराला झोडपतो तो नैऋत्येकडून येणारा पाऊस. बीजिंगचा नियम जसाच्या तसा डोंबिवलीत आणला तर त्याच्यामागचं कारण हरवतं आणि हातात फक्त भीती उरते. जुना चिनी जाणकार कोकणात आला असता तर त्यानेही आधी आभाळाकडे आणि सह्याद्रीकडे बघितलं असतं, होकायंत्र त्यानंतर काढलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

जिथे डोंगर नव्हता तिथे त्यांनी तो बनवलाही. बीजिंगचा राजवाडा सपाट जमिनीवर आहे. खंदक खणून निघालेली माती राजवाड्यामागे, उत्तरेला रचली आणि टेकडी उभी केली. तिचं नाव जिंगशान. समोरून वळणं घेत जाणारा पाण्याचा प्रवाह आखला, त्यावर संगमरवरी पूल बांधले. पाठीला कासव आणि पुढे पाणी, दोन्ही माणसांच्या हातांनी. सामान्य माणसाच्या, मधोमध चौक असलेल्या घरातही तीच वृत्ती दिसते. बीजिंगच्या जुन्या चौसोपी घरात मुख्य दालन उत्तरेला, दक्षिणाभिमुख असतं. बाहेरचं दार मात्र आग्नेय कोपऱ्यात, आणि आत शिरताच समोर एक आडवी भिंत. रस्त्यावरची नजर, धूळ आणि वारा सरळ आत घुसू नये म्हणून. सरळ रेषेत अंगावर येणारी गोष्ट, मग तो रस्ता असो की वारा, फेंगशुईत वाईटच मानली आहे.

होकायंत्र आणि आकडे

इथवरचा भाग ‘आकार’ परंपरेचा. तिचा मोठा आचार्य म्हणजे तांग काळातला, नवव्या शतकातला यांग युनसुंग. जियांगशी प्रांतातल्या डोंगराळ मुलखाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. दुसरी परंपरा होकायंत्राची. ती पुढे फूजियान प्रांतात बहरली. प्रत्यक्षात जाणकार दोन्ही वापरत आले. पण क्रम पक्का: आधी डोंगर-पाणी, मग आकडे.

आकड्यांकडे जाण्याआधी पाच ‘शिंग’ समजून घ्यावे लागतात: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आपली पंचमहाभूतं डोक्यात असल्यामुळे मराठी वाचकाची इथे हमखास फसगत होते. या यादीत वायू नाही, आकाश नाही. आणि ‘शिंग’चा अर्थ मुळात चालणं. म्हणजे हे पाच पदार्थ नाहीत, बदलाच्या पाच अवस्था आहेत. लाकडातून अग्नी, अग्नीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू, धातूवर पाणी, पाण्याने पुन्हा झाड. हे पोषणाचं चक्र. दुसरं चक्र लगाम घालण्याचं: लाकूड मातीला, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला आणि धातू लाकडाला आवरतो. दिशा आणि ऋतू यांना जोडलेले आहेत. पूर्व, वसंत, लाकूड. दक्षिण, उन्हाळा, अग्नी. पश्चिम, शरद, धातू. उत्तर, हिवाळा, पाणी. मध्ये माती.

वास्तुशास्त्रात अग्नी आग्नेयेला आणि पाणी ईशान्येला. म्हणजे दोन्ही पद्धती एकाच घरात एकत्र लावायच्या म्हटलं तर पहिल्या पावलालाच त्यांची गाठ विरुद्ध बाजूंना ओढली जाते. दोन्हींचा अभ्यास जरूर करा, पण दोन स्वतंत्र भाषा म्हणून करा.

जाणकाराच्या होकायंत्राला ‘लुओपान’ म्हणतात. चौकोनी पाटावर फिरणारी गोल तबकडी, मध्ये छोटी सुई, वरून एकमेकांना छेदणारे दोन तांबडे दोरे आणि सुईभोवती अक्षरांची वर्तुळं. इतकी वर्तुळं बघून घाबरायला होतं, पण नवशिक्याने एकच ओळखावं: चोवीस ‘पर्वतां’चं. 360 अंशांचे चोवीस भाग, प्रत्येकी 15 अंशांचे. आठ दिशांना प्रत्येकी तीन. चिनी सुईला ‘दक्षिण दाखवणारी’ म्हणतात, उत्तर नाही. आणि ती नेमकी दक्षिण दाखवत नाही, किंचित पूर्वेकडे झुकते, हे शन क्वो या विद्वानाने अकराव्या शतकातच लिहून ठेवलं आहे. आजच्या इमारतीत लोखंडी सळ्यांमुळे सुई आणखी भरकटते. म्हणून दारात एकदा बघून निकाल लावू नये. इमारतीपासून थोडं दूर जाऊन तीन-चार जागी मोजावं.

आकड्यांचा पाया म्हणजे ‘लो-शू’ चौकोन. वरच्या ओळीत 4, 9, 2, मधल्या ओळीत 3, 5, 7 आणि खालच्या ओळीत 8, 1, 6. उभी, आडवी, तिरपी कुठलीही बेरीज 15. आपल्याकडचं पंधराचं यंत्र ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा जुना सोबती वाटेल. मात्र चिनी नकाशात दक्षिण वर असते. त्यामुळे 9 दक्षिणेचा आणि 1 उत्तरेचा.

यावर उभ्या असलेल्या दोन पद्धती तुमच्या कानावर पडतील. एक ‘आठ वाडे’. तीत जन्मवर्षावरून माणसाचा अंक काढतात. वर्षाच्या अंकांची एक-अंकी बेरीज करा. पुरुषाने ती 11 मधून वजा करायची, स्त्रीने तिच्यात 4 मिळवायचे, आणि उत्तर पुन्हा एक-अंकी करायचं. 1980 ची बेरीज 18, म्हणजे 9. पुरुषाचा अंक 2, स्त्रीचा 4. उत्तर 5 आलं तर पुरुषाला 2 आणि स्त्रीला 8 धरतात. 1, 3, 4, 9 हे पूर्व गटाचे आणि बाकीचे पश्चिम गटाचे. गटावरून चार दिशा अनुकूल, चार प्रतिकूल. हे वर्ष जानेवारीत बदलत नाही, 4 फेब्रुवारीच्या सुमाराला बदलतं. त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्यांनी आधीचं वर्ष धरायचं.

दुसरी ‘उडते तारे’. इथे काळ येतो. वीस वर्षांचा एक कालखंड, असे नऊ, म्हणजे 180 वर्षांचं एक आवर्तन. आठवा कालखंड 2004 ते 2023 होता. फेब्रुवारी 2024 पासून नववा सुरू झाला, तो 2043 पर्यंत. प्रत्येक कालखंडात मध्यावरचा अंक बदलतो आणि बाकीचे अंक ठरलेल्या वाटेने चौकोनात सरकतात. घर कोणत्या कालखंडात बांधलं आणि त्याचा रोख कोणता, यावरून कुंडली मांडावी तसा त्याचा तक्ता मांडतात.

मी हे गणित मन लावून शिकलो, त्याची बांधणी मला आवडते, पण माझं मत स्पष्ट आहे. डोंगर, पाणी, ऊन आणि वारा यांबद्दलचे नियम तपासता येतात. जन्मवर्षाच्या अंकावरून नशीब ठरतं याला तसा कोणताही पुरावा नाही. ही शंका आजची किंवा परक्यांची नाही. पहिल्या शतकातल्या वांग छोंग या चिनी विचारवंताने घराचं दार मालकाच्या आडनावाच्या उच्चाराशी जुळलं पाहिजे या तेव्हाच्या पद्धतीवर सविस्तर टीका केली होती. म्हणून घराची भिंत फोडायला, दार हलवायला किंवा महागडा ‘उपाय’ घ्यायला कुणी सांगितलं तर शांतपणे एवढंच विचारा: यामुळे ऊन, हवा, पाणी किंवा चालण्याची वाट यांत काय बदलेल? उत्तर मिळालं नाही तर पैसे घरातच राहू द्या.

शिकायला सुरुवात करायची असेल तर पुस्तकाआधी नकाशा घ्या. बीजिंगच्या वायव्येला सुमारे 50 किलोमीटरवर मिंग घराण्यातल्या तेरा सम्राटांच्या समाध्या आहेत. ही जागा युंगलं सम्राटाने निवडली, आणि त्याच्या स्वतःच्या समाधीचं काम 1409 साली सुरू झालं. उपग्रहाच्या चित्रात ते खोरं उघडा. उत्तरेची डोंगररांग बोटाने धरा आणि तिच्या सोंडा कुठे उतरतात ते बघा. समाध्या त्या सोंडांच्या पायथ्याशी बसलेल्या दिसतील. मग दक्षिणेकडे सरका, जिथे खोऱ्याचं तोंड उघडतं. तिथे वाटेच्या दोन बाजूंना दोन छोट्या टेकड्या आहेत. त्यांची नावं वाचण्याआधी ती काय असतील ते सांगून बघा. पूर्वेकडची ड्रॅगनची, पश्चिमेकडची वाघाची.